बुधवाऱ्यातल्या घराची खरी नोंद

नागपूरहून निघालो तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि फायलींच्या सहा पेट्या होत्या. ट्रंक आणि वळकटी माझी, पेट्या सरकारच्या. राज्यांची नवी रचना झाली होती, नागपूरची राजधानी गेली होती. आमच्या कचेरीतल्या कोणी मुंबई राज्यात राहायचे आणि कोणी भोपाळला जायचे याच्या याद्या भिंतीवर लागल्या होत्या. माझे नाव भोपाळच्या यादीत होते. माझे वय सत्तावीस, लग्नाला दीड वर्ष झालेले. कमल, माझी पत्नी, तिच्या भावाकडे नागपुरातच राहिली.

हा प्रवास मी भोपाळच्या मराठी मंडळींना गणेशोत्सवात अनेकदा सांगितला आहे. त्यात एका शब्दाची गंमत आहे आणि लोक तिला मनापासून हसत. त्याच शब्दापायी एका बाईचे राहते घर गेले, हे मी शेवटी घाईघाईने सांगे, आणि चूक भाषेची होती असे म्हणे. कमल गेल्या श्रावणात गेली. तिच्यासमोर खोटे पडण्याची भीती आता उरली नाही. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहीत आहे, जसा झाला तसा.

बैतूल मागे पडले आणि गाडी सातपुड्यात शिरली. थंडीचे दिवस होते. सागाची पाने वाळून लोंबत होती आणि इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जात होता. इटारसीला गाडी बदलायची होती. पेट्या हलवायला हमाल मिळेना, तेव्हा मी पेट्यांवरच बसून द्रोणातली पुरी-भाजी खाल्ली. होशंगाबादला नर्मदा ओलांडताना डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पलीकडे विंध्याचा चढ सुरू झाला आणि माझ्या ओळखीचे सगळे संपले.

कचेरीने सांगितले होते की राहण्याची सोय तयार आहे. ती सोय म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या लष्करी बराकी. एकेका बराकीत वीस-बावीस माणसे, पत्र्याचे छप्पर, रात्री पाय पोटाशी घेतले तरी ऊब येत नसे. आमच्यातले निम्मे नागपूरकडचे, बाकीचे रेवा, सागर, इंदूर, ग्वाल्हेरचे. प्रत्येकाला आपले गावच राजधानी व्हायला हवे होते असे वाटे, त्यामुळे बोलणे लवकर भांडणावर येई. नवव्या दिवशी मला ताप भरला.

कचेरीत जायला मी मुन्ने खां नावाच्या टांगेवाल्याचा टांगा करत असे. दाढी मेंदीने रंगवलेली, जीभ तिखट. माझे आडनाव त्याला म्हणता येईना, म्हणून त्याने मला गावाचेच नाव दिले.

"को नागपुर, बुखार में कां जा रिये हो?"

"दफ्तर."

"दफ्तर में हकीम बैठता है क्या?" असे म्हणून त्याने टांगा वळवला आणि मला जुन्या शहरात, बुधवाऱ्यात नेले. एका अरुंद गल्लीत दुमजली घर होते. दारापुढे पटिया (बसायची दगडी लादी). त्याने दारातूनच हाक मारली, "खाला, एक मरीज़ लाया हूँ. पढ़ा-लिखा है, संभाल के रखना."

खाला म्हणजे मावशी. सकीना खाला अख्ख्या गल्लीची मावशी होती. साठीची, काटकुळी, चष्म्याची एक दांडी तुटलेली, ती दोऱ्याने कानाला बांधलेली. नवरा नवाबी तबेल्यात दरोगा होता. संस्थान गेले, तबेला गेला, आणि वर्षभरात तोही गेला. एकच मुलगी, नसीम, सीहोरला दिलेली. खाला एकटी खालच्या मजल्यावर राहत असे. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत नवऱ्याचे सामान होते, दुसरी तिने मला दिली. मी किती दिवस राहणार, असे तिने विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "गोश्त खाते हो?"

"नहीं."

"अच्छा हुआ पेले पूछ लिया." दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून नवा तवा आणि नवी पातेली आणली आणि दोन्हींच्या कडेला पानाच्या चुन्याचा ठिपका लावला, म्हणजे सरमिसळ होणार नाही. मला एवढे चालते, मी तिला म्हणालो. "तुम्हें चलता होगा," ती म्हणाली, "तुम्हारी अम्मां से तो मैंने नहीं पूछा."

ताप उतरला त्या सकाळी मी पहिल्यांदा जिन्याच्या तोंडाशी आलो आणि वरून सांगितले, "खाला, मैं खाली आ रहा हूँ."

खालून उत्तर आले, "खाली क्यों आ रिये हो बेटा, लोटा लेते आओ."

आपल्याकडे खाली म्हणजे तळमजल्यावर. त्यांच्याकडे खाली म्हणजे रिकामे. मी रिकाम्या हाताने का येतोय, असे ती विचारत होती. मी लोटा घेऊन उतरलो आणि तिला आमचा अर्थ सांगितला. ती इतकी हसली की दोरा सुटून चष्मा मांडीवर पडला. त्या दिवसापासून तिने तो शब्द घेतला. "नागपुर, खाली आओ, चाय ठंडी हो रई है." गल्लीत कोणी विचारले की सांगे, "ये ऊपर रेते हैं, मैं खाली रेती हूँ." मुन्ने खां म्हणे, "आप खाली कां हैं खाला, आपने तो पूरी गली भर रक्खी है." घरात तो शब्द आमच्या अर्थाने इतका रुळला की तो मराठी आहे हे माझ्या ध्यानातून गेले.

भोपाळ तेव्हा लहान गाव होते. संध्याकाळी माणसे पटियांवर येऊन बसत आणि मिठाचा चहा पीत. तो चहा पहिल्या घोटाला औषधासारखा लागतो, आठवड्याने त्याच्यावाचून चालत नाही. मला कोणी कधी परका म्हणून उठवले नाही. चिडवत मात्र खूप. मी 'जा रिया हूँ' म्हणायला लागलो तेव्हा मुन्ने खांने पटियावरच्या सगळ्यांना बोलावून माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले. रविवारी मी मोठ्या तलावाच्या काठाने चालत जाई. पलीकडच्या टेकड्यांवर नवी राजधानी बांधली जात होती. सुरुंग उडाला की आधी धूर दिसे, मग आवाज येई, आणि पाण्यावरची पाखरे उठत. मी कमलला लिहिले, मला इथे घर सापडले आहे.

तिचे उत्तर आले, मग मला केव्हा नेता?

तिला सहावा महिना होता. भावजयीने तिची ट्रंक व्हरांड्यात काढून ठेवली होती. कमलने तक्रार केली नव्हती, ट्रंकेवर ऊन येते आणि साड्या विटतात एवढेच लिहिले होते. मी खालाला सांगितले. ती म्हणाली, "बहू को ले आओ. दूसरा कमरा मैं खुलवा देती हूँ, मरहूम का सामान नीचे आ जाएगा."

तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी मेहुण्याला तसे कळवले आणि त्याचे पत्र आले. सरकारी घर नावावर झाल्यावर कळवा, त्याने लिहिले होते. कोणाच्या घरात वरच्या खोलीत बहिणीला पाठवणार नाही, आणि तुम्ही लिहिता त्या वस्तीत तर मुळीच नाही. मी ते पत्र फाडले आणि खालाला सांगितले की कमलची तब्येत बरी नाही, म्हणून ती येत नाही. सरकारी घरांच्या यादीत माझा क्रमांक दोनशेच्या पुढे होता.

याच सुमारास आमच्या कचेरीला नवे काम आले. जुन्या शहरात मालक राहत नाहीत अशी रिकामी घरे शोधायची, ती सरकारने भाड्याने घ्यायची आणि नोकरांना वाटायची. गल्लोगल्ली हिंडून नोंदवहीत घरे उतरवून घ्यायला तीन कारकून नेमले, त्यांत मी होतो. नमुना हिंदीत होता. घराचे मजले, खोल्या, मालकाचे नाव, मालकाचा निवास, भाडेकरू. एका दुपारी मी आमची गल्ली लिहिली. खालाच्या घरापाशी लिहिले : मजले दोन, भाडेकरू ऊपर, एक, सरकारी कर्मचारी. मालकाच्या निवासाच्या रकान्यात लिहिले : खाली.

त्या वेळी माझ्या मनात काही नव्हते. ती खाली राहत होती म्हणून मी खाली लिहिले. ही चूक खरी आहे आणि गणेशोत्सवात मी ती जशी सांगत असे तशीच ती झाली.

पंधरा दिवसांनी खाला सीहोरला गेली. नसीम बाळंत व्हायची होती, सव्वा महिना तरी राहावे लागणार होते. जाताना तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मी म्हणालो, कुलूप लावून जा. "घर में आदमी है," ती म्हणाली, "ताला काय का."

ती गेल्यावर आठवड्याने दुबेजींनी मला टेबलापाशी बोलावले. दुबेजी आमचे हेडक्लार्क, सागरचे. अंगाने जाड, स्वभावाने गरीब. तिघांच्या वह्यांवरून त्यांनी पक्की यादी तयार केली होती. ती प्रत्येकाने आपापल्या वहीशी ताडून खाली सही करायची होती. मी ओळीवर बोट ठेवत वाचत गेलो. बुधवाऱ्याशी आल्यावर बोट थांबले. लिहिले होते : मालिक अनुपस्थित, मकान खाली, ऊपर एक सरकारी कर्मचारी निवासरत.

मला हसू आले. खालाला सांगितले तर पुन्हा तिचा चष्मा पडेल, असे मनात आले. मी दुबेजींना सांगायला तोंड उघडले. म्हणालो, "दुबेजी, ये बुधवारे वाला जो है..."

"अरे हाँ," ते मधेच म्हणाले, "बधाई. आपका तो काम बन गया. जो पहले से भीतर है, पहला हक़ उसी का. साहब से मैंने बात कर ली है. बहूरानी को लिख दीजिए." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "क्या कह रहे थे? ठीक है ना सब?"

शर्टाच्या खिशात कमलचे सकाळी आलेले पत्र होते. टाक माझ्या हातात होता. 'अनुपस्थित, मकान खाली' एवढे खोडून 'नीचे' लिहायचे होते, दोन अक्षरे. दुबेजींनी काही म्हटले नसते. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटले असते एवढेच.

"ठीक है," मी म्हणालो आणि सही केली.

हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. लोक विचारत, यादी तुम्हाला दाखवली नव्हती का? मी म्हणे, कुठली दाखवतात.

आणखी एक लिहायला हवे. निकड होती हे खरे, पण नुसती निकड नव्हती. मला ते घर हवे होते. तो जिना, ती पटिया, सकाळी गल्लीत पडणारे ऊन. त्या बाईने मला घरचा मानले, आणि माझ्या मनाने तेवढ्यावर न थांबता घरच आपले मानले. बराकीत राहिलो असतो तर मी हे केले नसते.

महिन्याभरात हुकूम निघाला आणि शिपायाने तो दारावर डकवला. घर सरकारने घेतले आणि माझ्या नावे केले. मालकाची हरकत असेल तर तीस दिवसांत अर्ज करावा. कमलला मी त्याच दिवशी लिहिले. मुन्ने खांला वाचता येत नसे. तो कागदापाशी टांगा थांबवून म्हणाला, "ये क्या चिपका गए?"

मी सांगितले. पूर्ण सांगितले नाही, पण घर सरकारकडे गेले हे सांगितले.

त्याने घोड्याच्या आयाळीत बोटे घातली. "खाला को खबर है?"

"नहीं."

"तो कल जाओ, नागपुर. तुम नहीं जाओगे तो मैं जाऊँगा, और मुझे बात करना नहीं आता."

तो रोज विचारी, मी रोज उद्या म्हणे. अकराव्या दिवशी मी सीहोरच्या बसमध्ये बसलो. बैरागढच्या बराकी रस्त्याच्या कडेला लागल्या. तिथे सिंधमधून आलेली कुटुंबे राहत होती. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. शेजारी बसलेला पांढऱ्या लेंग्यातला म्हातारा तिथलाच, सीहोरला कापड विकायला निघालेला. त्याने विचारले, "आपका मकान किधर है, साईं?"

"बुधवारे में."

"अपना?"

"सरकार से मिला है."

"नसीब की बात है," तो म्हणाला, "हमें तो बराक मिली." सीहोरच्या अलीकडे दोन्ही बाजूंना गहू उभा होता, कापणीला आलेला.

नसीमचे घर बाजाराच्या मागे होते. खाला अंगणात बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. मला पाहताच म्हणाली, "आ गए? सूरत से लगता है कोई मर गया. पेले खा लो, फिर बोलना." बाळ नसीमकडे देऊन तिने स्वतः रोट्या केल्या, शरबती गव्हाच्या, आणि लौकीची (दुधी भोपळ्याची) भाजी. तिथे वेगळा तवा नव्हता, म्हणून तिने आधी असलेला तवा राखेने तीनदा घासला. ते मी बसून पाहिले आणि मग जेवलो.

खालाला उर्दू वाचता येई, नागरी येत नसे. मी हुकमाची नक्कल खिशातून काढली आणि वाचून दाखवली.

"मकान खाली लिखा है?" तिने विचारले.

"हाँ."

"किसने लिखा?"

"मैंने. मैंने लिखा था आप खाली रेती हैं. नीचे. उन्होंने..."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिच्या तोंडावर हसू आले. "वो तुम्हारा वाला खाली," ती म्हणाली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

नसीम हसली नाही. "अम्मां, हँस काय को रई हो. मकान गया है." ती माझ्याकडे वळली. "भाईजान, आप तो उसी दफ्तर में हैं. अब क्या हो सकता है? कोई दरख़ास्त, कोई अपील?"

खालाही माझ्याकडे पाहू लागली. कचेरीतला माणूस म्हणून दोघी माझ्याकडे पाहत होत्या. हुकमातली अर्जाची ओळ मी वाचून दाखवली नव्हती.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "ऊपर से हुक्म है."

अंगणात बाळ रडले, नसीमने त्याला खांद्यावर टाकले. खालाने नक्कल उचलली, न वाचता येणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवले, पुन्हा घडी केली. "मिला किसको?"

"मुझे."

"तुम्हें." तिने घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "तो फिर ठीक है. पराये के हाथ तो नहीं गया." मी उठलो तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नसीमला म्हणाली, "बच्चे की ग़लती है, परदेसी ज़बान की ग़लती. इसका मुँह देख, कितने दिन से सोया नहीं." नसीमने माझ्या तोंडाकडे पाहिले. तिने काय पाहिले ते मला माहीत नाही. दारापर्यंत पोचवायला ती आली नाही.

परतीच्या बसमध्ये मी बोटांवर दिवस मोजले. तिसातले अकरा गेले होते.

पुढचे थोडक्यात लिहितो. घर सरकारी आणि माझ्या नावावर म्हटल्यावर मेहुण्याने वस्तीचे काही काढले नाही, आणि कमल आली. आमचा मुलगा त्याच घरात, वरच्या खोलीत झाला. त्यानंतर खाला एकदाच आली, सामान न्यायला. मुन्ने खांने टांग्यात नवऱ्याच्या पेट्या भरल्या आणि मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "रेन दो, बाबूजी." नागपुर म्हणायचे त्याने सोडले होते. खालाने कमलला घरभर फिरवून दाखवले, पावसाळ्यात कोणती खिडकी फुगते, जिन्याची कोणती पायरी आखूड आहे, पाणी कुठे मुरते. कमलने संध्याकाळी मला विचारले, "तुमची चूक होती तर दुरुस्त नाही का करता आली?" मी नाही म्हणालो. बऱ्याच वर्षांनी, मुलाच्या लग्नानंतर, तिने तेच पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणालो. खाला तिसऱ्या पावसाळ्यात सीहोरला वारली. मला ते पटियावर कळले, तेही कोणी मला सांगत नव्हते, आपसांत बोलत होते.

त्या घरात आम्ही नऊ वर्षे राहिलो. नंतर नव्या शहरात क्वार्टर मिळाले, पुढे निवृत्ती, आणि आता मी मुलाकडे नागपूरला परत आलो आहे. येताना गाडी त्याच वाटेने आली, फक्त उलटी. बुधनीचा उतार, नर्मदा, इटारसी, सातपुडा. नर्मदेवर डब्यातल्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण काय मागावे ते कळेना.

'खाली' ही चूक होती. 'ठीक है' ही दुबळ्या क्षणाची गोष्ट होती, असेही कोणी म्हणेल आणि मला ते ऐकायला बरे वाटेल. पण सीहोरच्या अंगणात माझ्यावर कसली घाई नव्हती. मी पोटभर जेवलो होतो, मला प्रश्न साध्या हिंदीत विचारला होता आणि त्याचे उत्तर मला माहीत होते. मुदत संपायला एकोणीस दिवस बाकी होते. रविवार सोडून मी रोज कचेरीत गेलो. हरकतीच्या अर्जाचे कोरे नमुने माझ्याच टेबलाच्या कप्प्यात असत, आणि त्या एकोणीस दिवसांत इतर घरमालक आले तेव्हा मी त्यांना ते काढून दिले.